भोक केवढं, आणि कशात?

प्रश्न : मी गेली काही वर्षं घरीच नथी, चिंचपेट्या, तन्मणी ओवते. ओळखीतून ऑर्डरी येतात. आता तांब्याच्या पत्र्याची पदकं, करवंटीची कानातली आणि शिंपल्यांचे दागिने करून बघायचेत. माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे करवंट्या आणि शिंपल्या हव्या तेवढ्या मिळतात. घोडं अडलंय ते भोकापाशी. मिस्टर म्हणतात, फ्रेमा लावायला घेतलेलं ड्रिल घरात आहे, तेच वापर. दिरांनी दीड हजारात शंभरावर नगांचा संच दाखवलाय. भाचा म्हणतो, घ्यायचं तर ड्रेमेलच घे. सहा हजारांपर्यंत खर्च करू शकते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, खाली म्हातारी माणसं राहतात, घरात चार वर्षांचा मुलगा. मोत्यांची भोकंही पुष्कळदा तारेला पुरत नाहीत, ती याच ड्रिलने मोठी होतील का? आणि आजीने दिलेल्या वाटीभर गुंजा आहेत. त्यांचे मणी करायची फार हौस आहे. पहिलं ड्रिल कुठलं घेऊ?
– नवशिकी, कोल्हापूर

ताई,

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. एक पिन व्हाइस, म्हणजे बोटांनी फिरवायचं बारीक ड्रिल, आणि मोत्यांसाठी हिऱ्याच्या पुडीचा रीमर, म्हणजे भोक मोठं करायची निमुळती सुई, लगेच घ्या. दोन्ही मिळून काही शेकड्यांत येतात आणि विजेवाचून चालतात. महिनाभर त्यांच्यावर हात बसू द्या. मग उरलेल्या पैशांतून सोनार वापरतात ती पायाच्या पेडलवर चालणारी हँगिंग मोटर घ्या, देशी बनावटीची. घरच्यांनी सुचवलेल्या तीन यंत्रांपैकी भाच्याचं तेवढं विचार करण्यासारखं आहे. त्याबद्दल पुढे बोलते.

तिघांनीही यंत्र सुचवलं, पण भोक केवढं आणि कशात हे कुणी विचारलेलं दिसत नाही. कानातल्याच्या हुकाला साधारण २० नंबरची तार लागते, म्हणजे मिलिमीटरभराच्या आतली. पदकाच्या कडीला एक ते दीड मिलिमीटर. मोत्याचं वेज त्याहून बारीक. म्हणजे तुमचं सगळं काम अर्ध्यापासून दीड मिलिमीटरच्या आतच आहे. एवढ्या भोकाला ताकद जवळपास लागतच नाही. बारीक बिट, म्हणजे भोक पाडायची कांडी, घट्ट धरणारा चक हवा, ते बिट न डगमगता फिरायला हवं आणि वेग हळू सुरू व्हायला हवा. दुकानदार वॅट सांगायला लागला की समजावं, गडी भिंतीच्या ड्रिलबद्दल बोलतोय.

तारेच्या नंबराबद्दल इथेच एक गोष्ट सांगून ठेवते, कारण नव्या लोकांची निम्मी चिडचिड त्यातून होते. आपल्याकडे बाजारात तार आणि पत्रा बहुधा इंग्रजी गेजने विकला जातो. इंटरनेटवरचे धडे बहुतेक अमेरिकी गेजने बोलतात. इंग्रजी २० नंबरची तार ०.९१ मिलिमीटर जाड, अमेरिकी २० नंबरची ०.८१. धड्यात सांगितलं म्हणून तुम्ही ०.८ चं भोक पाडता आणि कोल्हापुरातून आणलेली तार काही केल्या आत जात नाही. नंबर विसरा. एक साधा व्हर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायची पट्टी घ्या, तार मोजा, आणि तिच्याहून किंचित मोठं बिट लावा.

आता मिस्टरांचं ड्रिल. त्याचा चक दहा किंवा तेरा मिलिमीटरचा असणार. असे चक एक-दीड मिलिमीटरच्या खालचं बिट नीट धरत नाहीत, तीन जबड्यांच्या मधल्या फटीतच ते निसटतं. समजा धरलंच, तरी त्या धुडाचं वजन एका केसाएवढ्या बिटावर तोलायचं असतं. हात जरा कलला की बिट मोडलं. हॅमरची कळ चुकून चालू राहिली तर शिंपलीचा चुराच. त्या ड्रिलने त्याचं काम चोख केलंय आणि पुढेही करील. हँगिंग मोटर टांगायला भिंतीत हुक लागेल, तो बसवायला ते काढा.

दिरांनी दाखवलेला संच उघडून पाहिलात तर शंभरावर नगांत बहुतेक सगळं घासायचं आणि चकाकी आणायचं सामान निघेल. सँडपेपरच्या नळ्या, फेल्टच्या गोळ्या, कापायच्या पातळ चकत्या, त्या धरायच्या दांड्या. भोक पाडण्याजोगी बिटं त्यात चार-सहा, आणि तीही सोनेरी रंग दिलेली. रंगावरून पोलाद कळत नाही. अशा स्वस्त यंत्रांत खरा दोष असतो तो बिटाच्या डगमगण्यात. बिट सरळ न फिरता टोकाशी वर्तुळ काढत फिरतं, मग एक मिलिमीटरचं भोक सव्वा-दीडचं होतं आणि काठही फाटतो. रेझिन किंवा मऊ लाकूड यांना हे चालून जातं. तांब्याला आणि शिंपलीला नाही.

भाच्याचं मात्र अगदीच चूक नाही. ड्रेमेल ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावी १९३२ मध्ये निघालेली कंपनी. हातात मावणारं, वेगाने फिरणारं तिचं यंत्र इतकं रुळलं, की आता तसल्या कुठल्याही यंत्राला लोक ड्रेमेल म्हणतात. यंत्र चांगलं आहे, चक बऱ्यापैकी सरळ फिरतो. माझी तक्रार तुमच्या कामापुरती आहे. त्याच्या नेहमीच्या मॉडेलचा वेग मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास सुरूच होतो आणि तीस हजारांच्या पुढे जातो. थोडं गणित करू. एक मिलिमीटरचं बिट दहा हजार फेऱ्यांनी फिरलं तर त्याची धार मिनिटाला साधारण ३१ मीटर धावते. तांबं-पितळेला ते सोसतं. दोन मिलिमीटरचं बिट लावलं की त्याच वेगाला ६३ मीटर. आणि चुकून तीस हजारांवर नेलंत तर एकचं बिटसुद्धा ९४ मीटरने धावतं, तापतं, निळं पडतं आणि बोथट होतं. करवंटी अशा वेगाला जळते, घरभर वास सुटतो. शिवाय वेगाची चकती यंत्राच्या अंगावर असते, त्यामुळे वेग कमी-जास्त करायला एक हात अडकतो. अख्खी मोटर हातात धरायची, तीही तापते. आणि शिंपलीला भोक पाडताना जवळ पाणी लागतं, तेव्हा घरच्या विजेवर चालणारं यंत्र थेट पाण्यावर ओणवं धरायचं, हे मला बरं वाटत नाही.

हँगिंग मोटरमध्ये या सगळ्या अडचणी एकदम मिटतात. मोटर वर हुकाला टांगलेली असते. तिच्यातून मीटरभर लवचीक शाफ्ट खाली येतो आणि त्याच्या टोकाला जाड पेनाएवढा हँडपीस असतो. हातात येते ती फक्त फिरकी, वीज वरच राहते. वेग पायाखालच्या पेडलवर, शिवणयंत्र चालवणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. बिट टेकवायचं, मग हळूच पाय दाबायचा. भोक पार होत आलं की पाय सैल करायचा. दोन्ही हात मोकळे राहतात. अमेरिकेतली फोरडम कंपनी १९२२ पासून अशी यंत्रं बनवते आणि परदेशातले कारागीर त्यांची शपथ घेतात, पण ती तुमच्या बजेटच्या कितीतरी पलीकडची आहेत. देशी बनावटीची बहुतेक त्याच धर्तीवर असतात. पहिल्या यंत्राला तेवढं पुरे.

तुमचं भाग्य असं, की तुम्ही कोल्हापुरात राहता. हुपरी हाकेच्या अंतरावर आहे. अख्खं गाव चांदीच्या कामावर जगतं, तिथे या मोटरी घराघरांत घरघरत असतात. कुरिअरने मागवण्यापेक्षा हुपरीत किंवा गुजरीच्या आसपास सोनारकामाची हत्यारं विकणारं दुकान गाठा, आणि मोटर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. एक सरळ, नवं, एक मिलिमीटरचं बिट बरोबर न्या. ते चकात लावायला सांगा आणि अगदी हळू फिरवायला सांगा. टोक एका जागी ठिपक्यासारखं दिसलं तर ठीक. धूसर गोल दिसला तर दुसरा हँडपीस मागा. मग पेडल स्वतः दाबून बघा. काही पेडलं दाबता दाबता काहीच करत नाहीत आणि अचानक पूर्ण वेगाने सुटतात, तसलं नको. हँडपीस किल्लीच्या चकाचा घ्या, ज्यात अगदी बारीक बिटापासून सुमारे चार मिलिमीटरपर्यंत काहीही बसतं. दुसरे, झटकन बिट बदलायचे हँडपीस असतात, त्यांत फक्त २.३५ मिलिमीटर दांडीची हत्यारं बसतात. सोनारांच्या बर्सचं, म्हणजे कोरायच्या बारीक टोकांचं, माप तेच, ड्रेमेलच्या सामानाची दांडी ३.२ मिलिमीटरची. ही दोन मापं लक्षात ठेवलीत तर निरुपयोगी सामान घरात येणार नाही. मोटरच्या आतले कार्बन ब्रश सुटे मिळतात का, तेही विचारा. काही काळाने ते झिजतातच.

घरी टांगताना मोटर खांद्याच्या वर, हुक पक्का, आणि शाफ्ट सैल वळणाने खाली आला पाहिजे. तो काटकोनात वाकवून काम केलंत तर आतली तार तापते आणि तुटते. मधूनमधून शाफ्टला ग्रीस लागतं. तीन पिनांचाच प्लग, अर्थिंग असलेल्या सॉकेटात. आवाजाची काळजी करू नका. भिंतीच्या ड्रिलच्या मानाने ही मोटर गुणगुणते. खालच्या आजी-आजोबांना त्रास झालाच तर तुम्ही पत्र्यावर मारलेल्या हातोडीचा होईल, मोटरचा नाही.

हुक मारणं शक्यच नसेल तर मायक्रोमोटर बघा. टेबलावर छोटा डबा, त्यातून वायर, आणि हँडपीसच्या आतच लहानशी मोटर. दातांच्या लॅबमध्ये आणि नखं करून देणाऱ्या पार्लरमध्ये असते तीच. सुबक आहे, जागा कमी घेते. पण कमी वेगात तिचा जोर पडतो, आणि तिला बहुधा २.३५ दांडीचीच बिटं लागतात. म्हणून ती माझी दुसरी पसंती.

तर मग आधी पिन व्हाइस कशाला, असं तुम्ही म्हणाल. बोटभर लांबीची पितळी किंवा पोलादी दांडी, एका टोकाला बारीक बिट धरणारा चक, दुसऱ्या टोकाला तळव्यात फिरणारी टोपी. टोपी तळव्यात टेकवायची आणि दांडी बोटांनी फिरवायची. करवंटी, लाकूड, रेझिन, मोती आणि अगदी पातळ तांबं एवढं त्यात होतं. बिट कधी पकडतं, कधी घसरतं, भोक पार होताना हाताला काय लागतं, हे मोटरवर कळायच्या आत बिट मोडलेलं असतं. पिन व्हाइसवर ते बोटांना कळतं. आपल्याकडे सुताराचा सामता असायचा, दोरीच्या कमानीने पुढे-मागे फिरणारा. खंबायतचे अकीकाचे कारागीर तसल्याच कमानीच्या ड्रिलने, टोकाला हिऱ्याचे कण बसवून, दगडी मण्यांना भोकं पाडत आले आहेत. अकीक म्हणजे पोलादाच्या बिटाला दाद न देणारा दगड. वेग बेताचा, टोक योग्य आणि हात सवयीचा असला की काम होतं, याचा त्याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. मोटर आली तरी पिन व्हाइस अडगळीत जाणार नाही. एखाद्या मोत्याला ऐनवेळी अर्धं भोक पाडायचं झालं, की हात त्याच्याकडेच जातो.

बिटांवर पैसे जरा सैल हाताने खर्च करा. ०.८, १.० आणि १.२ मिलिमीटरची हायस्पीड स्टीलची बिटं, एकची डझनभर, कारण ती मोडतात. सगळ्यांची मोडतात. कार्बाइडची बिटं कोणी फार टिकाऊ म्हणून गळ्यात मारील, पण ती काचेगत ठिसूळ असतात, हाताने चालवायच्या यंत्रात क्षणात तुकडे होतात. शिंपली आणि काचमण्यांसाठी हिऱ्याची पूड चढवलेली दोन-तीन बिटं वेगळी घ्या. ती लाकडात आणि तांब्यात वापरू नका, भुशाने आणि धातूने त्यांचं अंग भरून जातं आणि मग ती नुसती घासत बसतात.

तांब्याच्या पत्र्यापासून सुरुवात करा, त्यात शिकायला खूप आहे. पदक आधी कापून मग भोक पाडायचं, हे अगदी साहजिक वाटतं आणि नेमकं तेच करू नये. भोक आधी, कापणं मागून. मोठा पत्रा लाकडी फळीवर क्लॅम्पने दाबता येतो, नाण्याएवढं पदक बोटांत धरावं लागतं. बिट तांब्यातून पार होताना पकडतं, आणि मग तो तुकडा पंख्याच्या पात्यासारखा फिरून बोटं कापतो. म्हणून कितीही छोटं काम असो, पत्रा बोटांत धरायचा नाही. जागेवर सेंटर पंचने, म्हणजे टोकदार पोलादी दांडीने, हलकी टिचकी मारून खळगा करा, नाहीतर बिट गुळगुळीत पत्र्यावर स्केटिंग करत सुटतं आणि ओरखडा उमटतो तो नेमका दर्शनी बाजूला. बिटाला मेण लावा किंवा शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब. खाली लाकूड, वरून बिट सरळ उभं, दोन-तीन टप्प्यांत टेकवून उचलायचं म्हणजे कीस बाहेर येतो. भोक झालं की दुप्पट जाडीचं बिट बोटांत धरून भोकाच्या दोन्ही काठांवर एक-दोन वेळा फिरवा. तेवढ्याने धार मरते. ही पायरी गाळलीत तर काही दिवसांत रेशीमदोरा कापला जातो आणि गिऱ्हाईक फोन करतं.

पत्रा पातळ असेल, म्हणजे २४ नंबर किंवा त्याहून बारीक, आणि भोक काठाजवळच हवं असेल, तर ड्रिलचीही गरज नाही. भोक पाडायची स्क्रूची पंच पक्कड मिळते. स्क्रू पिळायचा, दीडेक मिलिमीटरचं नेटकं भोक पडतं, आवाज शून्य. बाळ झोपलेलं असताना करायचं काम हेच.

करवंटी सोपी आहे, फक्त डोलते. गोलाईची बाजू फळीवर टिकत नाही. मुलाच्या खेळातल्या मातीचा गोळा खाली दाबा, त्यात करवंटीचा तुकडा बसवा, मग हलत नाही. (सोनार यासाठी दांडीवर लाख तापवून काम चिकटवतात, पण ती भानगड तुम्ही आत्ताच करू नका.) आधी दोन्ही बाजू घासून घ्या, मग साधं स्टीलचं बिट, कमी वेग. आतल्या बाजूचा काठ कपचा होऊन उडू नये म्हणून बाहेरून अर्धं आणि आतून अर्धं भोक पाडा. तपकिरी भुगा अतिशय बारीक असतो, मास्क लावा. कापडी नव्हे, एन-९५.

शिंपल्यांबद्दल थोडं सविस्तर. सराव बाजारातल्या महागड्या शिंपल्यांवर करू नका. माहेरी तिसऱ्यांचं कालवण झालं की उरलेल्या शिंपल्या उकळून, घासून, वाळवून घ्या, सराव त्यांच्यावर. शिंपलीला सेंटर पंच कधीही मारायचा नाही, तडकते. भोकाच्या जागी कागदी चिकटपट्टी लावा, हिऱ्याचं बिट आधी थोडं तिरपं टेकवून खाच पाडा, मग हळूहळू उभं करा. पसरट ताटलीत लाकडाचा तुकडा, त्यावर शिंपली, आणि शिंपली जेमतेम बुडेल एवढं पाणी. पाण्याने बिट थंड राहतं आणि पूड हवेत उडत नाही. ती पूड छातीला चांगली नाही, कोरडं काम करू नका. दाबायचं नाही, बिटाचं वजन आणि पाण्याचा लेप एवढ्यावर ते आपसूक आत जातं. दर दोन-तीन सेकंदांनी उचला, म्हणजे भोकात पाणी शिरतं. पार व्हायला आलं की शिंपली उलटी करून मागून पूर्ण करा. पेडल ताटलीपासून लांब ठेवा, आणि ओल्या हाताने प्लगला हात नको. कवड्यांनाही हीच रीत. तुळजाभवानीच्या आराधींच्या गळ्यात दिसते तशी माळ मनात असेल, तर कवडीची पाठ घासून उघडली की दोरा जायला वाट मिळते, ड्रिल लागतही नाही.

वेंगुर्ल्याहून काय उचलून आणता याकडे मात्र लक्ष ठेवा. किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा किंवा समुद्रपंखा सुंदर दिसतो, पण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. काही शंख-शिंपल्यांच्या जातीही त्या यादीत आहेत. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे. दागिने विकायचे असतील तर स्वयंपाकघरातून निघणाऱ्या तिसऱ्या, खुबे, कालवं यांवरच धंदा उभा करा. कालवांच्या आतली मोतिया झाक कमी देखणी नसते.

मोत्यांचं वेज मोठं करायला ड्रिल वापरू नका. आधीच भोक असलेल्या मोत्यात फिरतं बिट घातलं की ते एका बाजूला अडकतं आणि मोती फुटतो किंवा भोकाच्या तोंडाशी त्याचा पापुद्रा उडतो. त्यासाठीच रीमर. हिऱ्याच्या पुडीची निमुळती सुई, हाताने फिरवायची, मोती आणि सुई दोन्ही ओली ठेवायची. एका बाजूने थोडं, उलटून दुसऱ्या बाजूने थोडं. गोड्या पाण्यातल्या मोत्यांची वेजं पुष्कळदा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची असतात, नथीच्या तारेला ती हमखास अडतात. रीमर हाती आला की तुमच्या सध्याच्याच कामाची गती वाढेल, म्हणून तो मी यादीत सगळ्यांत वर ठेवला. कुड्यांसाठी अख्ख्या मोत्याला अर्धं भोक पाडायचं असेल तर ते पिन व्हाइसवर करा, आणि बिटावर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळा.

अंगावरच्या गोष्टी. केस बांधा, ओढणी किंवा पदर खोचा, मंगळसूत्र आत, बांगड्या काढून. हातमोजे घालू नका, फिरत्या बिटात कापड अडकलं की बोट सोबत जातं. डोळ्यांना गॉगल, दर वेळी, एकच भोक असलं तरी. आणि मुलाबद्दल एक. या यंत्राचं पेडल जमिनीवर असतं, म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या अगदी हाता-पायाशी. तुम्ही दार उघडायला उठलात आणि त्याने ते दाबलं, तर वर लोंबकळणारा हँडपीस बिटासकट गरागरा फिरतो. उठताना प्लग काढायचा, नुसती कळ बंद करून जायचं नाही. मोडक्या बिटांचे तुकडे चुंबकाने गोळा करा.

शेवटी गुंजा. त्यांना भोक पाडू नका, पिन व्हाइसने नाही आणि मोटरने तर नाहीच. गुंजेत ॲब्रिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. साबूत गुंजेचं कवच इतकं कठीण की गिळली तरी ती पुष्कळदा तशीच बाहेर पडते, आणि म्हणूनच सोनारांच्या तराजूत ती पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त वावरली. भोक पाडलं की कवच फुटलं. पूड हवेत, हातावर, टेबलावर, आणि माळेतला प्रत्येक मणी चघळायला तयार. घरात लहान मूल आहे, आणि विकलेली माळ कुणाच्या घरी जाईल ते तुमच्या हातात नाही. लालच रंग हवा असेल तर रतनगुंजेच्या बिया मिळवा. त्या आकाराने मोठ्या, पूर्ण लाल असतात, त्यांना काळा ठिपका नसतो आणि त्यांच्यात ॲब्रिन नाही. तरी त्याही मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नका. राखाडी रंग चालत असेल तर सागरगोटे घ्या. कवच टणक असतं, क्लॅम्प घट्ट हवा, बिट एक-दोन मोडतील, पण भोक पडलं की मणी वर्षानुवर्षं टिकतो. रिठ्याच्या काळ्या बियाही चालतील. आजीच्या गुंजांना भोकाची गरजच नाही असं काहीतरी करा, काचेच्या बंद डबीच्या पदकात भरा आणि झाकण एपॉक्सीने कायमचं चिकटवा. तोवर ती वाटी मुलाचा हात पोचणार नाही अशा फडताळात, झाकण लावून.